घरात आलं की खोकला, गावी गेलं की बरं: घरातल्या हवेतलं कारण कसं शोधायचं

गेली तीन वर्षं आमच्या ठाण्याच्या घरात एकच चक्र चालू होतं. आषाढ लागला की मुलाचा कोरडा खोकला सुरू, तो थेट दिवाळीपर्यंत. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दिवेलागणीनंतर धाप लागायची. मी आणि नवरा सकाळी उठायचो तेच डोकं जड घेऊन. औषधाने आठ-दहा दिवस बरं वाटायचं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गणपतीला कुडाळला गेलो की तिथेही धो धो पाऊस, तिथेही ओल, पण खोकला बंद. परत येऊन दोन रात्री झाल्या की पुन्हा सुरू.

हे आम्ही एकमेकांना दर वर्षी सांगत होतो, "गावची हवाच वेगळी" असं म्हणत होतो आणि तिथेच सोडून देत होतो. शेवटी डॉक्टरांनी सरळ विचारलं, "घराबाहेर आठ दिवस राहिलात की कमी होतं का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुमच्याकडेही या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल, तर पुढचं वाचा. औषधं, विशेषतः दम्याचा पंप, स्वतःच्या मनाने थांबवू नका. ते चालू ठेवूनच घर तपासायचं आहे.

आधी एक गोष्ट, आजच बघण्यासारखी

तुमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का? असेल तर बाकी सगळं नंतर. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला की जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. हा वायू तशी कुठलीच सूचना देत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ताकदीने चिकटतो. अंघोळीला गेलेल्या माणसाचं आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि कडी काढायचं भान यायच्या आत तो पडतो. थंडीत खिडकीची झडप बंद करून लोक अंघोळ करतात, म्हणून या घटना बहुतेक हिवाळ्यात घडतात.

गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा, एवढाच यावरचा खरा उपाय. आत गिझर आणि भिंतीत एक्झॉस्ट, ही तडजोड मला मान्य नाही. ज्योत पिवळी दिसत असेल तर तो लगेच बंद करून दुरुस्तीला द्या. पण ज्योत निळी आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो लावा. आणि कुणी हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला उचलून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, ताप नाही, बाहेर पडलं की बरं वाटतंय, असं असेल तर संशय आधी याच वायूवर घ्या.

वही घातली तेव्हा काय दिसलं

आमचा गिझर विजेचा, त्यामुळे ते कारण नव्हतं. मग मी मुलाची जुनी चौरेघी वही घेतली आणि चार रकाने आखले: किती वाजता, कुठल्या खोलीत, कोणाला त्रास, आणि त्याच्या आधीच्या तासाभरात घरात काय चाललं होतं. पंधरा दिवस नेमाने भरली. आईंनी पण भरली, त्यांच्या अक्षरात "६.५० – हॉल – धाप – धूप लावला होता" अशी नोंद आहे.

पंधरा दिवसांनी वही वाचली तेव्हा कळलं की ज्याला आम्ही "घरातलं आजारपण" म्हणत होतो, त्या तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या. मुलाचा खोकला रात्री दोन-तीनला, मागच्या बेडरूममध्ये. आईंची धाप संध्याकाळी साडेसहा ते आठ, हॉलमध्ये. आमचं डोकं पहाटे, एसी लावून झोपलो त्याच दिवशी. वेळा वेगळ्या, जागा वेगळ्या, म्हणजे कारणंही वेगळी. आदल्या वर्षी आम्ही घेतलेल्या एअर प्युरिफायरने फारसा फरक का पडला नव्हता, तेही तेव्हाच उमगलं. तो हॉलच्या कोपऱ्यात होता आणि मुलगा मागच्या खोलीत झोपत होता.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: यंत्र विकत घेण्याआधी वही घाला. त्रासाची वेळ आणि जागा सापडली की कारण बहुतेक वेळा तिथेच उभं असतं.

दिवेलागण

हा सगळ्यात अवघड भाग होता, कारण यात श्रद्धा आहे, सवय आहे आणि डासही आहेत. आपल्याकडे सात वाजता नेमकं काय होतं बघा. डास आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घेतो. मग देवापाशी दिवा, उदबत्ती, कुणाकडे धूप. त्याच वेळी स्वयंपाकघरात फोडणी पडते. आणि कोपऱ्यात डासांची कॉइल पेटते. दिवसभरातला सगळ्यात जास्त धूर नेमका त्या तासात होतो, जेव्हा घर सगळ्यात घट्ट बंद असतं.

यातली कॉइल सर्वांत वाईट. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं होतं की एक कॉइल पूर्ण जळली तर तिच्यातून निघणारे अतिसूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, हे ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात. पुण्याची चेस्ट रिसर्च फाउंडेशनही बरीच वर्षं हेच कानीकपाळी ओरडून सांगते आहे. हे कण केसाच्या जाडीच्या वीस-तीसाव्या भागाइतके बारीक असतात, नाकात अडत नाहीत, सरळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठेवली. आपल्या देशाचं मानक ४० आहे. बंद खोलीतली कॉइल हे दोन्ही आकडे खूप मागे टाकते.

पण डास चावू द्यायचे असं कुणी म्हणणार नाही. डेंग्यू आमच्या सोसायटीतही होऊन गेला आहे. आम्ही सगळ्या खिडक्यांना चुंबकाची जाळी बसवून घेतली आणि मुलाच्या पलंगाला मच्छरदाणी लावली. जाळी बसली तसा दुहेरी फायदा झाला: कॉइल गेली आणि सात वाजता खिडकी उघडी ठेवता येऊ लागली. द्रवाची मशीन वापरत असाल तर धूर नसतो हे खरं, पण हवेत औषध सुटतंच. खिडकी फटभर उघडी ठेवा आणि उशाशी लावू नका.

उदबत्तीचं आईंशी कसं बोलावं हा मला प्रश्न पडला होता. मी वहीच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि म्हणाल्या, "अगं, मग देवाला निरांजन पुरे की. धूप मी गॅलरीत तुळशीपाशी दाखवीन." आता आमच्याकडे तुपाचं निरांजन रोज, एक उदबत्ती गुरुवारी, आणि तीही खिडकीपाशी. देवघरातलं काही बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही. धुराला बाहेर जायला वाट मिळेल अशी जागा बघा, एवढंच.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. एक्झॉस्ट किंवा चिमणी कढई तापायच्या आधी लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. तळण, ठेच्याच्या मिरच्या भाजणं, हे मागच्या शेगडीवर करा. चिमणी पुढच्यापेक्षा तिथला धूर जास्त ओढते. पंख्यासमोर टिश्यू पेपर धरून बघा, तो चिकटला पाहिजे. चिकटत नसेल तर जाळीवर तेलाची खरपुडी साचली असेल, किंवा घराची बाकी दारं-खिडक्या बंद असतील. आत हवा आल्याशिवाय पंखा बाहेर काय टाकणार? आणि चिमणीला बाहेर जाणारा पाइप आहे ना, ते पडताळा. पाइप नसलेली चिमणी तेल गाळते, पण वाफ आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड बराचसा पुन्हा स्वयंपाकघरातच सोडते.

पहाटेचं जड डोकं

याचं उत्तर सोपं निघालं. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा तो थंड करून परत सोडतो. दार-खिडकी लावून दोघंजण आठ तास झोपले की श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. एका मैत्रिणीकडून मीटर आणून आमच्या खोलीत ठेवला, तर पहाटे पाचला आकडा २००० च्या वर होता. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की खोलीतला कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या पुढे गेला की ती हवा शिळी समजावी. या पातळीला हा वायू विषारी नसतो. पण तो साचला म्हणजे हवा बदलत नाही, आणि रंगाचा, फर्निचरचा, गाद्यांचा वास-वायू जे काही आहे तेही तिथेच साचतंय, हे त्यावरून कळतं.

आता झोपायच्या आधी दहा मिनिटं आरपार हवा खेळवतो आणि रात्री खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो. खोलीचं दारही लोटलेलं, लावलेलं नाही. विजेचं बिल थोडं वाढलं, डोकं उतरलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मात्र खिडकीची वेळ पाळावी लागते. थंडीत पहाटे आणि रात्री उशिरा हवा जमिनीलगत कोंडून राहते, बाहेरची धूळ-धूर खाली बसलेला असतो. ऊन चढल्यावर तो विरतो. त्यामुळे हिवाळ्यात घर दुपारी मोकळं करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं "समीर" ॲप फोनवर ठेवलं की जवळच्या केंद्रावरचा आकडा कळतो.

कपाटामागची भिंत

मुलाचा खोकला सगळ्यात शेवटी सुटला. रात्री दोन-तीनला खोकला, तोही त्याच खोलीत, एवढं वहीत होतं, पण तिथे दिसत काहीच नव्हतं. एका रविवारी नवऱ्याने आणि मी कपाट रिकामं करून पुढे ओढलं. मागची भिंत हाताच्या पंजाएवढ्या काळ्या-हिरव्या डागांनी भरली होती. खालच्या बाजूला रंगाचे पोपडे सुटले होते आणि बोट लावलं की चुना भुसभुशीत होऊन पडत होता. कपाटाच्या फळीच्या मागच्या अंगालाही पांढरी लव होती. पैठणीला येणारा कुबट वास मी दोन वर्षं डांबरगोळ्या टाकून दाबत होते, तो इथून येत होता. मुलाची उशी त्या कपाटापासून दोन हातांवर.

बुरशी दिसली की आपण रंगारी बोलावतो. आम्हीही त्याआधी एकदा बोलावला होता, महागडा बुरशीरोधक रंग लावून घेतला होता. एका पावसाळ्यात तो फुगून आला. बुरशीला पाणी लागतं. पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय वरून काहीही लावलं तरी ते टिकत नाही. ते शोधायची सोपी युक्ती: भिंतीचा वितभर भाग पुसून कोरडा करा, त्यावर स्वयंपाकातली ॲल्युमिनियम फॉइल लावा आणि चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी थंड भिंतीवर बसतंय. फॉइलच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. पाऊस नसतानाही डाग ओला राहत असेल तर वरच्या मजल्याच्या मोरीची किंवा पाइपची गळती तपासा.

आमच्याकडे आतली बाजू ओली निघाली. ती भिंत नैऋत्येला, पावसाचा मारा थेट तिच्यावर, आणि खिडकीच्या छज्जाखाली बाहेरून केसासारखी तड गेलेली होती. सोसायटीकडे अर्ज, मग दिवाळीनंतर भिंत वाळल्यावर बाहेरून तड भरून जलरोधक लेप. आतून प्लास्टर काढून नवं केलं ते फेब्रुवारीत. घाई केली असती तर ओल आतच कोंडली असती.

बुरशी साफ करताना काही गोष्टी सांभाळा. कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याने भिजवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, खोलीचं दार लावून खिडकी उघडा, मुलांना आणि दमेकऱ्यांना बाहेर पाठवा. तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा भाग असेल तर जाणकाराकडून करून घ्या. आणि ब्लीच वापरत असाल तर त्यात संडास धुवायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काही चुकूनही मिसळू नका. ॲसिडबरोबर क्लोरीन सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन, आणि बंद बाथरूममध्ये दोन्हींनी माणूस गुदमरतो.

ज्यांची फॉइल बाहेरून ओली निघेल त्यांच्यासाठी वेगळा उपाय आहे. शे-दोनशे रुपयांपासून आर्द्रतामापक मिळतो, तो ठेवा. साठ टक्क्यांच्या खाली राहील असं बघा. इथे एक चकवा आहे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरचीच आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के असते, त्यामुळे खिडक्या उघडल्याने शिळी हवा जाते पण ओल जात नाही. तेव्हा एसीचा ड्राय मोड किंवा डिह्युमिडिफायर दिवसातून काही तास लावावा लागतो. बेडरूममध्ये कपडे वाळत घालू नका. पिळलेल्या एका धुण्यातूनही लीटर-दोन लीटर पाणी खोलीच्या हवेत उतरतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा म्हणजे मागून वारा फिरेल.

डांबरगोळ्यांचं सांगायचं राहिलं. त्या नॅप्थॅलिनच्या असतात आणि त्यांचा वास म्हणजे तोच वायू. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. बाळाची दुपटी, झबली त्या कपाटात ठेवूच नका. आम्ही आता कडुनिंबाचा वाळवलेला पाला ठेवतो आणि उन्हाळ्यात साड्यांची घडी मोडून वारा देतो.

आणखी कुठे बघाल

नवं फर्निचर किंवा मॉड्युलर स्वयंपाकघर केल्यावर डोळे चुरचुरत असतील तर प्लायवुड-एमडीएफच्या डिंकातला फॉर्मल्डिहाइड हे कारण असू शकतं. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवलं आहे. उकाडा आणि दमटपणात तो जास्त सुटतो. कपाटांची दारं उघडी टाकून घर काही आठवडे हवेशीर ठेवा, आणि प्लाय घ्यायच्या आधी ई-० किंवा ई-१ (म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा) दर्जा विचारा.

सकाळी अंथरूण काढताना शिंका येत असतील तर धुळीतले सूक्ष्म कीटक. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला साठ अंश पाण्यात धुवा, आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

घर शुद्ध करायला कुंड्या आणू नका. झाडं आवडीने लावावीत, पण २०१९ मध्ये आधीच्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला तेव्हा असं निघालं की साध्या उघड्या खिडकीइतका परिणाम मिळवायला जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील.

प्युरिफायर निरुपयोगी नाही, त्याला त्याच्या कामाला लावायला हवं. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडते. ती ओल काढत नाही, कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड घेत नाही. दहा बाय बारा फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर खोक्यावरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, १६० च्या आसपास हवा. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका, तो स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. आमचा प्युरिफायर आता मुलाच्या खोलीत आहे.

शेवटचा मुद्दा कबुतरांचा, कारण आमची वही अजून पूर्ण बंद झालेली नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितले, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हा त्यावरून बरंच वादंग झालं. पण आपल्या डक्टमध्ये आणि एसीच्या बाहेरच्या युनिटमागे काय साचलंय ते किती जणांनी पाहिलं? वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची भुकटी वर्षानुवर्षं श्वासात जात राहिली तर काही जणांच्या फुप्फुसाला त्यातल्या प्रथिनांचं वावडं होतं, सूज येते आणि पुढे कायमचे व्रण पडतात. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारा आणि वाढत जाणारा दम, वजन उतरणं, असं असेल तर डॉक्टरांना कबुतरांबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. ही घाण कोरडी झाडायची नाही. पाणी मारून पूर्ण भिजवायची, मास्क लावून उचलायची आणि मग जाळी बसवायची.

आमच्या मागच्या डक्टला जाळी बसवण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत मंजूर झाला आहे, काम गणपतीनंतर. तोपर्यंत तिकडची खिडकी बंद आणि मुलाच्या खोलीतली दुसरी उघडी. कपाट मी श्रावणात पुन्हा एकदा ओढून पाहिलं. भिंतीला हात लावला, गार होती, पण कोरडी होती.